'आधी जमीन, मग बालवाडी' म्हणणाऱ्यांना

गेल्या बैठकीत वनहक्काच्या दाव्यांची यादी वाचून झाली. मग एका बाईनं विषय काढला, की आमच्या वस्तीवर अंगणवाडी नाही, पोरं दिवसभर उन्हातान्हात फिरतात, त्याचं काय करायचं? लगेच दोन-तीन जुने कार्यकर्ते म्हणाले, "ताई, आधी जमिनीचं होऊ दे. बालवाडीचं मग बघू." बाई गप्प झाली. वहीत त्याची नोंदसुद्धा झाली नाही.

मला या "मग बघू"शी भांडायचं आहे. ते म्हणणारी माणसं परकी नाहीत. फॉरेस्टच्या केसेस अंगावर घेतलेली, लाठ्या खाल्लेली आपलीच माणसं आहेत. म्हणून तर भांडायचं. गार्डाशी काय भांडणार, तो त्याच्या साहेबाचा निरोप्या.

"मग" म्हणजे केव्हा? कायदा २००६ साली झाला, नियम १ जानेवारी २००८ ला आले. दावे भरले, पुरावे जोडले, म्हाताऱ्यांचे जबाब घेतले. २०१० चा पावसाळा सुरू झाला तरी किती जणांच्या हातात कागद होता ते ज्याचं त्याला माहीत. कायदा आपल्याला १३ डिसेंबर २००५ च्या आधीचा ताबा दाखवायला सांगतो. त्या दिवशी जन्मलेलं पोर त्या पावसाळ्यात साडेचार वर्षांचं होतं. आपला दावा प्रांताच्या कपाटात पाच वर्षं पडून राहिला तरी जमीन जागेवर राहते, ती आपण कसत राहतो. पोराची पाच वर्षं कुठल्या कपाटात राहत नाहीत. उद्या सातबारावर नाव लागलं तरी तोवर ते पोर पहिलीतनं गळून शेरडांमागं लागलेलं असतं. मग त्या सातबारावर तलाठ्यानं काय लिहिलं हे वाचायला पुन्हा दुसऱ्याचंच पोर बोलवायचं.

आपल्या तालुक्यात काय चाललंय ते बघा. डोंगरकडेच्या वस्त्यांवर सकाळी आई-बाप कामाला जातात. कुणी कांद्यात, कुणी निफाड-दिंडोरीच्या द्राक्षबागांत, कुणी रोजगार हमीवर. घरी राहतं कोण? म्हातारी असली तर म्हातारी, नाहीतर आठ-नऊ वर्षांची बहीण. तिच्या कडेवर एक, बोटाला एक. ही बहीण शाळेच्या पटावर असते, गुरुजी हजेरी लावतात, पण ती वर्गात नसते. म्हणजे एक अंगणवाडी नसली की दोन पोरांची शाळा बुडते, धाकट्याची आणि थोरलीची. आणि थोरली बहुतेक वेळा मुलगीच. हे आपण आपल्या घरात रोज बघतो आणि बैठकीत विसरतो.

याच चांदवडला १९८६ च्या नोव्हेंबरात शेतकरी संघटनेचं महिला अधिवेशन भरलं होतं. बाया लाखांनी आल्या होत्या. शेतकरी बाईच्या कामाला मोल आहे हे तिथं गाजावाजा करून सांगितलं गेलं, चांगलं झालं. पण दुसऱ्याच्या वावरात कांदे काढणाऱ्या भिलाच्या, कोळ्याच्या बाईचं तान्हं त्या वेळी कुठं होतं? बांधावर, साडीच्या झोळीत. आजही तिथंच आहे.

आता कायद्याचं. २०१० च्या १ एप्रिलपासून शिक्षणाचा हक्क कायदा लागू झाला. पेपरात मोठमोठे मथळे आले. पण हा हक्क ६ ते १४ वर्षांच्या मुलांचा आहे. सहाच्या आतल्याचं काय? त्या कायद्याचं ११ वं कलम वाचा. तीन ते सहा वर्षांच्या मुलांसाठी सरकार मोफत पूर्वशिक्षणाची व्यवस्था करू शकेल, असं त्यात आहे. "करू शकेल." केलंच पाहिजे असं नाही. आपण घराची कुडाची भिंत घातली तर फॉरेस्टचा कायदा "पाडू शकेल" म्हणत थांबतो का? तिथं पाडतातच. पोराच्या वाट्याला मात्र "शकेल".

आणि हे आधीपासून असं नव्हतं. घटनेच्या मूळ ४५ व्या कलमात होतं, की दहा वर्षांत चौदा वर्षांपर्यंतच्या सगळ्या मुलांना मोफत आणि सक्तीचं शिक्षण देण्याचा प्रयत्न राज्य करील. चौदापर्यंतची सगळी. म्हणजे दोन वर्षांचंही आलं, चार वर्षांचंही आलं. दहा वर्षांची मुदत १९६० ला संपली. पुढं २००२ साली ८६ वी घटनादुरुस्ती केली आणि शिक्षण मूलभूत हक्क केलं, पण तो करताना सहाच्या खालची पोरं बाहेर ठेवली. त्यांच्यासाठी ४५ व्या कलमात नवं वाक्य घातलं, तेही राज्य "प्रयत्न करील" एवढंच. हक्क देताना निम्मी पोरं गाळायची, आणि ती गाळलेली पोरं कुणाची? पैसेवाल्यांची नव्हेत. त्यांची अडीच वर्षांची पोरं नर्सरीच्या गाडीत बसतात. गळली ती तुमची-आमची.

मला जुने साथी सांगतात, की हे शहरातल्या बाया-बापड्यांचे विषय, आपला विषय जमीन. त्यांना एक जुनी गोष्ट आठवून देतो. २३ मे १९४५ ला ठाणे जिल्ह्यात झरीला वारल्यांची सभा झाली. गोदावरी परुळेकर तिथं होत्या. सावकार-जमीनदाराची वेठ करणार नाही, असं वारली माणूस तिथं उभं राहून म्हणाला. आपली चळवळ स्वतःला त्या लढ्याचं नातवंड समजते. बरोबरच आहे. पण त्याच १९४५ साली, त्याच पट्ट्यात, बोर्डीला ताराबाई मोडक यांनी ग्राम बाल शिक्षा केंद्र काढलं. सोबत अनुताई वाघ होत्या. ताराबाई आधी भावनगरला गिजुभाई बधेकांबरोबर काम करून आलेल्या. मांटेसरीची पद्धत त्यांना पाठ होती, पण ती महागाची लाकडी साधनं खेड्यात कुठून आणणार? मग त्यांनी खडे, बिया, शिंपले, पानं, काड्या घेतल्या. आणि पोरं बालवाडीत येईनात तेव्हा बालवाडी उचलून वस्तीत नेली, कुणाच्या तरी अंगणात. अंगणातली बालवाडी. 'अंगणवाडी' हा शब्द तिथला. १९५७ ला त्या कोसबाडच्या टेकडीवर गेल्या, वारल्यांच्या मधोमध. गुरं राखणाऱ्या पोरांसाठी गुरं चरतात तिथंच शाळा काढली, तिला कुरणशाळा म्हणत. तान्ह्यांचं पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एका जागी आणली, म्हणजे थोरल्या बहिणीनं शाळेत यायचं तर धाकट्याला सोबत आणावं. त्यांना तेव्हा जे कळलं होतं ते आपल्या बैठकीला अजून कळत नाही.

झरी आणि बोर्डी, एकाच वर्षी, एकाच पट्ट्यात. एका ठिकाणी वेठ मोडली, दुसऱ्या ठिकाणी पोरांना हातपाय धुवून गाणी शिकवली. यातलं आधी कुठलं आणि मग कुठलं, हे त्या काळच्या वारली बाईला विचारलं असतं तर ती हसली असती.

मग १९७५ साली, २ ऑक्टोबरला, सरकारनं एकात्मिक बाल विकास योजना देशात ३३ ठिकाणी सुरू केली. केंद्राला नाव दिलं अंगणवाडी. नाव घेतलं आणि कोसबाडचा जीव मागं सोडला. योजनेत सहा कामं लिहिली आहेत: पूरक आहार, लसीकरण, आरोग्य तपासणी, दवाखान्यात पाठवणं, आईला आहार-आरोग्याची माहिती आणि पूर्वप्राथमिक शिक्षण. कागदावर सहा, आपल्याला दिसतं एक. खिचडी. किंवा सुकडीचं पाकीट. पोरं वाटी घेऊन येतात, वाटी भरून घरी जातात. तासाभरात अंगणवाडी बंद. तपासणीला साहेब आले की भिंतीवरचे तक्ते झटकायचे.

खिचडी नको असं कुणी समजू नका. १९९२ साली जव्हारकडं वावर-वांगणीला पोरं उपासमारीनं गेली, ते आपल्याला विसरता येणार नाही. आहार पाहिजेच, आणि आत्ता मिळतो त्याहून बरा पाहिजे. २०१० साली सरकार एका पोरामागं दिवसाला ४ रुपये धरत होतं. हा तेव्हाचा नवा दर, २००८ च्या आधी तो २ रुपये होता. चार रुपयांत डाळ, तांदूळ, तेल, सरपण, सगळं. त्यात अंडं घालून दाखवा. शिवाय सुप्रीम कोर्टानं ऑक्टोबर २००४ मध्ये सांगितलंय, की अंगणवाडीच्या आहारात ठेकेदार नको, गावातल्या बायांचे गट, महिला मंडळं यांच्याकडनं करा. आपल्याकडं गट आहेत की. मग पाकीट येतं कुठनं, हे पुढच्या ग्रामसभेत विचारा.

पण पोट भरणं आणि डोकं वाढणं ही दोन कामं आहेत, एकाच्या नावावर दुसरं खपवायचं नाही. तीन वर्षांचं पोर दिवसभर विचारत असतं, हे काय, ते का. त्याला बोलायला माणूस पाहिजे, ऐकायला गोष्ट पाहिजे, मातीत, पाण्यात, बियांत हात घालायला पाहिजेत. घरात भिली बोलणारं पोर सहाव्या वर्षी एकदम पुस्तकी मराठीसमोर उभं करतात. त्याला गुरुजींचं कळत नाही, गुरुजींना त्याचं कळत नाही आणि शेरा पडतो, 'मंद'. पोर मंद नाही. त्याच्या बोलीतनं पुस्तकाच्या बोलीपर्यंत हात धरून नेणारं मधे कुणी नव्हतं. चांगली अंगणवाडी ती वाट करते. तिथं आधी त्याच्या बोलीत गोष्ट होते, त्याच्या डोंगरावरच्या झाडाचं नाव येतं, मग हळूहळू दुसरे शब्द येतात. म्हणून मागणी करताना नुसती 'अंगणवाडी द्या' म्हणू नका. चार तास चालणारी, आपली बोली जाणणारी सेविका असलेली अंगणवाडी द्या म्हणा.

यात काय फरक पडतो, असं विचारणाऱ्यांसाठी लांबचा दाखला आहे. अमेरिकेत मिशिगन राज्यातल्या यप्सिलांटी गावी १९६२ पासून गरीब काळ्या कुटुंबांतली १२३ पोरं निवडली. ५८ पोरांना उत्तम बालवाडी दिली. पाच-सहा पोरांमागं एक शिकलेली बाई, आणि ती बाई दर आठवड्याला घरी जाऊन आईशीही बोलायची. ६५ पोरांना काही दिलं नाही. मग ती चाळीस वर्षांची होईपर्यंत मागोवा घेतला. बालवाडीतली जास्त शिकली, जास्त कमावती निघाली, पोलिसांच्या तावडीत कमी गेली. त्या ६५ पोरांना नुसतं बघत बसणं मला काही पटत नाही. पण आपल्याकडं तर लाखो पोरांवर हाच प्रयोग चाललाय, फक्त कुणी मोजत नाही.

दुसरा एक आजार आपल्यात शिरतोय. ज्यांच्याकडं थोडा पैसा खुळखुळतो ते पोराला चांदवडला इंग्लिश नर्सरीत घालायला लागलेत. तीन वर्षांचं पोर जीपमधी कोंबून महामार्गानं जातं, टाय बांधून येतं आणि घरात 'ए फॉर ॲपल' म्हणतं. ॲपल त्यानं खाल्लेलं नाही, करवंद खाल्लंय. बाप खूष. मी त्या बापाला दोष देत नाही, त्याला पोर पुढं जायला पाहिजे आहे आणि वस्तीवरची अंगणवाडी बंद आहे. पण गावातल्या चार बोलक्या माणसांची पोरं नर्सरीत गेली की अंगणवाडीसाठी भांडायला उरतं कोण? मुकी माणसं. मग ती आणखी बंद पडते. सरकारी दवाखान्याचं असंच झालं, आपण बघितलंय.

आता सेविकेवर राग काढणाऱ्यांना. "बाई येत नाही, बाई खिचडी घरी नेते" हे आपण फार ऐकतो. काही ठिकाणी खरंही असेल. पण २०१० साली केंद्र सरकार तिला महिन्याला १५०० रुपये मानधन देत होतं, मदतनीस बाईला ७५०. राज्य त्यावर थोडं घालतं. पगार म्हणत नाहीत, मानधन म्हणतात, म्हणजे मजुरीचा कायदा लागायला नको. आणि कामं? रजिस्टरं भरा, वजनं घ्या, पोलिओ, जनगणना, निवडणूक, दारिद्र्यरेषेचा सर्व्हे. यातनं उरलेल्या वेळात शिकवा. रोजगार हमीवर खड्डा खणणाऱ्या माणसाला कायद्यानं किमान मजुरी आणि पोराचं डोकं घडवणाऱ्या बाईला मानधन! तिच्याशी भांडण्याऐवजी तिच्या मोर्चात आपले झेंडे घेऊन जा. ती आपल्याच वस्तीतली, आपल्याच घरातली बाई आहे.

आता त्या वाक्याकडं या, "आधी जमिनीचं होऊ दे." साथींनो, ज्या कायद्यासाठी आपण पायपीट करतो तोच वनहक्क कायदा काढून बघा. तिसऱ्या कलमाचं दुसरं पोटकलम. आपण सगळे पहिल्या पोटकलमातच अडकून बसलोय, कसणाऱ्या जमिनीच्या. दुसऱ्यात लिहिलंय, की गावाच्या सोयीसाठी फॉरेस्टची जमीन देता येते. तेरा सोयींची यादी आहे. शाळा, दवाखाना, पाण्याच्या योजना, रस्ते, आणि तिसऱ्या नंबरला अंगणवाडी. एका कामाला एक हेक्टरच्या आत जमीन, हेक्टरी ७५ पेक्षा जास्त झाडं पडता कामा नयेत, आणि ग्रामसभेची शिफारस पाहिजे. एवढंच. दिल्लीला फाईल पाठवायची नाही, १९८० च्या वनसंवर्धन कायद्याचं लचांड नाही. जिल्ह्याचा वन अधिकारी मंजुरी देऊ शकतो. केंद्राच्या आदिवासी मंत्रालयानं १८ मे २००९ ला त्याची रीतही ठरवून दिली आहे.

आता आठवा, पंचायत समितीत गेलं की काय सांगतात? "तुमची वस्ती फॉरेस्टच्या जागेत, तिथं बांधकाम मंजूर होत नाही." दोन वर्षं हे खोटं आपण ऐकून घेतलं, कारण आपणच कायदा अर्धा वाचला. जमीन आणि बालवाडी एकाच कायद्याच्या एकाच कलमात शेजारी बसलीत, त्यांना वेगळं केलं आपण. वर सांगतो, फॉरेस्टच्या जागेवर ग्रामसभेच्या ठरावानं एक अंगणवाडी उभी राहिली, तर इथं वस्ती आहे, माणसं राहतात, हे सरकारनं स्वतःच्या विटांनी लिहून दिल्यासारखं होईल.

इथं चांदवडची एक अडचण आहे ती लपवत नाही. सुरगाणा, पेठ, कळवण पूर्ण अनुसूचित क्षेत्रात. दिंडोरी, इगतपुरी, नाशिक, बागलाणची काही गावं त्यात. चांदवड त्यात नाही. त्यामुळं तिकडं पाड्याची वेगळी ग्रामसभा धरता येते, आपल्याकडं बहुतेक ठिकाणी गावाची एकच ग्रामसभा, ती गावठाणात मारुतीसमोर भरते. तिथं आपण थोडे आणि कोपऱ्यात. सरपंच सही घेतो, चहा होतो, सभा संपली. वनहक्क कायदा मात्र अनुसूचित क्षेत्रापुरता नाही, तो आपल्यालाही लागू आहे. म्हणून रडत बसायचं नाही, संख्येनं जायचं. सभेला निम्मी माणसं तरी हजर पाहिजेत, हे वरच्या रीतीतच आहे. तेव्हा आपल्या बाया आल्या नाहीत तर गणसंख्याच भरत नाही. हे आपल्या हातातलं हत्यार आहे.

दुसरं हत्यार सुप्रीम कोर्टाचं. १३ डिसेंबर २००६ चा हुकूम आहे: ज्या वस्तीत सहाच्या आतली ४० पोरं आहेत आणि अंगणवाडी नाही, तिथं लोकांनी मागितल्यापासून तीन महिन्यांत अंगणवाडी द्यायची. आदिवासी आणि दलित वस्त्या आधी धरायच्या. आणि २०१० साली सरकारच्याच निकषात दीडशे लोकवस्तीला मिनी अंगणवाडी बसत होती. मिनीत मदतनीस नव्हती, एकटी बाई सगळं करायची, ते चुकीचंच होतं. पण काही नसण्यापेक्षा दार उघडं बरं.

४० चा आकडा मला मान्य नाही, हेही लिहून ठेवतो. पंचवीस घरांच्या वस्तीत ४० पोरं कुठनं आणायची? साहेब म्हणतात, शेजारच्या वस्तीत जा. शेजारची वस्ती दोन किलोमीटर आणि मधे ओढा. पावसाळ्यात मोठं माणूस उतरत नाही तिथं तीन वर्षांचं पोर कसं उतरेल? मोजायचं तर ओढा मोजा, चढ मोजा. नुसती डोकी मोजू नका. आणि डोकीसुद्धा कधी मोजतात? सर्व्हे हिवाळ्यात करतात, तेव्हा निम्मी घरं बागांवर गेलेली, दाराला काटी लावलेली. मग आकडा कमी भरतो. आपली पोरं मोजायची तर आषाढ-श्रावणात मोजा, सगळी घरी असतात तेव्हा. म्हणजे आत्ताच.

बागांवर जाणाऱ्यांचं काय, हा प्रश्न उरतोच. छाटणीपासून माल उतरेपर्यंत महिनेच्या महिने कुटुंब बागेवर. तिथं जवळच्या गावच्या अंगणवाडीत आपल्या पोराला बसवून घेतलं पाहिजे, खाऊ दिला पाहिजे. नाव इथल्या रजिस्टरात आहे म्हणून हाकलायचं नाही. बागाईतदाराला आपले हात चालतात, आपली पोरं चालत नाहीत, हे यापुढं मुकादमाशी उचल ठरवतानाच बोलायचं. रोजगार हमीच्या कामावर पाच किंवा जास्त लहान पोरं आली तर ती सांभाळायला एका बाईला लावायचं आणि तिला पूर्ण मजुरी द्यायची, हे कायद्यातच आहे. आपल्या तालुक्यात कुठल्या कामावर अशी बाई लावली, दाखवा मला. ती लावून घेण्यासाठी मोर्चा लागत नाही, कामावर मागणी केली की पुरे, आणि नाही दिली तर काम बंद.

१५ ऑगस्टला ग्रामसभा आहे. त्याच्या आधी प्रत्येक वस्तीनं हे करायचं. दोन बाया आणि एक लिहिता पोरगा यांनी घरोघर जाऊन सहाच्या आतल्या प्रत्येक पोराचं नाव, आईचं नाव, जन्माचा महिना लिहायचा. दाखला नसला तर सणावरनं महिना धरा, पोळ्याच्या आधी का नंतर असं विचारा. बागेवर नेलेली पोरंही लिहा. जवळची अंगणवाडी किती लांब, मधे ओढा आहे का, हे खाली लिहा. अर्ज बाल विकास प्रकल्प अधिकाऱ्याच्या नावानं करा, त्यात १३ डिसेंबर २००६ च्या हुकमाचा उल्लेख करा, आणि पोच घेतल्याशिवाय उठू नका. तीन महिने त्या पोचेच्या तारखेपासून मोजायचे. वस्ती फॉरेस्टच्या जागेत असली तर ग्रामसभेत ठराव वेगळा मांडा, कलम ३ पोटकलम २ लिहून, जागा दाखवून, झाडं मोजून. ठरावाची नक्कल ग्रामसेवकाकडनं त्याच दिवशी घ्या. उद्या देतो म्हणाला तर तिथंच बसा.

याद्यांची एक प्रत संघटनेच्या कार्यालयात आणून द्या. दाव्यांच्या फाईली ठेवतो त्याच कपाटात ठेवायच्या, त्याच रांगेत.